लॉकडाऊनमध्ये मुलांवरचे अत्याचार खरंच कमी झाले होते का?

सातपूरची_आई

नमस्कार मंडळी, जरा लांबलचक लिहितेय, वेळ काढून वाचा. मी नाशिकच्या सातपूरला राहते, मुलगी मनपाच्या शाळेत सातवीत आहे आणि मी शाळा व्यवस्थापन समितीवर आहे. मागच्या मीटिंगला बालसुरक्षेवर पालकांसाठी एक कार्यक्रम घेऊ असं चाललं होतं, तर एक पालक म्हणाले, ताई गरजच काय त्याची, २०२० मध्ये सगळी पोरं घरात होती आणि त्याच वर्षी देशात मुलांवरचे गुन्हे १३ टक्क्यांनी कमी झाले, म्हणजे पोरं घरातच सगळ्यात सेफ, वाईट काय होतं ते बाहेर होतं. मोबाईलवर बातमी पण दाखवली त्यांनी. बातमी खरी होती. मला तिथल्या तिथे उत्तर सुचलं नाही, पण पटलं पण नाही.

कारण त्या वर्षी आमच्या चाळीत मी स्वतः ऐकलंय. मागच्या खोलीत एक कुटुंब भाड्याने होतं, नवरा कंपनीत कंत्राटी, मार्चपासून काम बंद, पगार बंद. मे महिन्यात दारूची दुकानं उघडली तेव्हापासून तर रोजचंच. पोरगा पहिलीतला, ऑनलाइन क्लासला बापाचा मोबाईल हातात धरून बसायचा आणि रेंज गेली, आवाज तुटला की मार त्यालाच. मधली भिंत पत्र्याची, सगळं ऐकू यायचं. आम्ही बायका जाऊन बोलायचो, तेवढ्यापुरतं थांबायचं, परत सुरू. पोलिसात कोण जाणार, तेव्हा तर किराणा आणायला निघालं तरी भीती वाटायची. नंतर ते लोक गावी निघून गेले. ते पोरगं कुठल्या आकड्यात आलं असेल? कुठल्याच नाही.

तर विचारायचं हे की कोरोनाच्या काळात मुलांचे हाल वाढले की कमी झाले, आणि आकडे कमी दिसतात ते का? कोणी या क्षेत्रातलं असेल तर प्लीज सांगा, मला पुढच्या मीटिंगला बोलायचंय.

फळा_खडू

ताई, मी प्राथमिकला शिकवते, शाळा तुमच्यापासून फार लांब नाही. तुमच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर तुम्हीच दिलंय, ते पोरगं कुठल्याच आकड्यात आलं नाही कारण त्याला बघणारं कोणी उरलं नव्हतं.

राज्यातल्या शाळा मार्च २०२० मध्ये बंद झाल्या. पहिली ते चौथीची मुलं परत वर्गात यायला २०२१ चा डिसेंबर उजाडला आणि जानेवारीत पुन्हा काही दिवस बंदच. म्हणजे पावणेदोन वर्षं लहान मुलं बाईंच्या समोर नाहीत. आम्ही वर्गात काय बघतो ते बाहेरच्याला कळत नाही. कोणी भर उन्हाळ्यात फुल बाह्यांचा शर्ट घालून येतं, कोणी खिचडी दोनदा मागून घेतं आणि डब्यात भावासाठी भरतं, कोणी शाळा सुटली तरी दप्तर आवरत रेंगाळतं, घरी जायचं नाव घेत नाही. एखादी मुलगी एकदम गप्प होते. यातलं एकेक काही सिद्ध करत नाही पण दोन-तीन गोष्टी एकत्र दिसल्या की आम्ही आईला बोलावतो, विचारतो. हे सगळं बंद पडलं. खिचडीच्या जागी तांदूळ आणि डाळी कोरड्या द्यायला लागलो आणि त्या न्यायला पालक यायचे. पोराचं तोंडच दिसायचं नाही. अंगणवाडीचंही तेच, आहार घरपोच, वजन घेणं कित्येक महिने धड होत नव्हतं. ऑनलाइन म्हणाल तर माझ्या वर्गातली निम्मी मुलं कधी जॉइनच झाली नाहीत, घरात फोन एक आणि तो वडिलांसोबत कामावर. जी व्हायची त्यांचा कॅमेरा बंद, आणि चालू असला तरी बाप शेजारी बसलेला, पोर काय बोलणार.

शाळा उघडल्यावर पहिल्या आठवड्यात मी शिकवलंच नाही काही, नुसतं बसवून बोलू दिलं. एक मुलगी म्हणाली, बाई आता रोज शाळा आहे ना, रविवारी पण ठेवा. मी पुढे हळूहळू विचारत गेले आणि जे निघालं ते इथे लिहिता येणार नाही, प्रकरण रीतसर पुढे गेलं. पण ते सुरू २०२० मध्ये झालं होतं आणि नोंद २०२२ ची आहे, हे तुमच्या त्या पालकांना नक्की सांगा.

आकडेमोड

त्या १३ टक्क्यांबद्दल मी सांगतो, मला या रिपोर्टांचं वाचन आहे.

एनसीआरबी म्हणजे देशभरच्या गुन्ह्यांच्या नोंदी ठेवणारी सरकारी संस्था, तिचा आकडा असा, २०१९ ला मुलांवरचे १,४८,१८५ गुन्हे नोंदले, २०२० ला १,२८,५३१, म्हणजे घट साधारण १३ टक्क्यांची. पण २०२१ ला परत १,४९,४०४ आणि २०२२ ला १,६२,४४९. पोरं घरात ठेवल्याने सेफ झाली म्हणायचं का, ते ठरवायला आतमध्ये जाऊन बघा घट कशात आहे. बरीचशी अपहरणात. आपल्याकडे अठरा वर्षांखालचं मूल हरवलं की अपहरणाचा गुन्हा नोंदवतात, त्यात घरातून निघून गेलेली, पळून लग्न केलेली पोरंपोरी पण आली. लॉकडाऊनमध्ये एसटी बंद, रेल्वे बंद, पळून जाणार कुठे? तो आकडा पडणारच होता. पण पोक्सोचे, म्हणजे मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराच्या कायद्याखालचे गुन्हे बघितले तर २०१९ ला ४७ हजारांच्या वर आणि २०२० ला पण ४७ हजारांच्या वर, जवळपास जागचे हलले नाहीत, आणि तेही शाळा बंद, ठाण्यापर्यंत जाणं अवघड अशा वर्षात. २०२१ ला ५३,८७४. पोक्सोत नव्वद टक्क्यांहून जास्त केसेसमध्ये आरोपी मुलाच्या ओळखीचा असतो, नातेवाईक, शेजारी, घरी येणारा-जाणारा. त्यामुळे वाईट ते बाहेर हे मुळातच चुकीचं आहे.

चाइल्डलाइनचा, म्हणजे मुलांसाठीच्या १०९८ या हेल्पलाइनचा आकडा पण बऱ्याच जणांना आठवत असेल. २० ते ३१ मार्च २०२० मध्ये तिथे ३ लाख ७ हजार कॉल आले आणि त्यातले ९२,१०५ अत्याचार किंवा हिंसेपासून संरक्षण मागणारे, असं तेव्हा पीटीआय वृत्तसंस्थेच्या बातमीत होतं. आता कॉल म्हणजे सिद्ध झालेली केस नव्हे, हे सांभाळून बोलायचं. पण पोलिसांकडची नोंद खाली आणि हेल्पलाइन दणाणलेली, यातून काय समजायचं ते समजतं.

बाहेरच्या देशात पण हाच प्रकार. अमेरिकेत २०१९ ला मुलांच्या छळाच्या जेवढ्या तक्रारी आल्या त्यातल्या २१ टक्के शाळेतल्या लोकांनी केलेल्या होत्या, २०२० ला ते प्रमाण १७ वर आलं. तिथल्या सीडीसी या सरकारी आरोग्य संस्थेने हॉस्पिटलच्या इमर्जन्सी विभागातल्या नोंदी तपासल्या तर छळ आणि हेळसांडीसाठी आणलेल्या मुलांची संख्या घटली होती, पण आणलेल्यांपैकी अॅडमिट करावं लागलेल्यांचं प्रमाण २.१ वरून ३.२ टक्के झालं. म्हणजे थोडंफार लागलेली मुलं दवाखान्यात पोचलीच नाहीत, जी पोचली ती जास्त जखमी.

अंबड_लिंकरोड

सगळ्यांचं वाचलं. माझं थोडं वेगळं मत आहे, राग मानू नका. प्रत्येक बापाला राक्षस करू नका. मी स्वतः त्या काळात चार महिने बिनपगारी घरी होतो, दोन पोरं, टू रूम किचन, ईएमआय चालू. चिडचिड झाली, आवाज चढला. पण त्याच काळात पोरीला सायकल शिकवली, पोराला बाराखडी मी घेतली, आधी तर शिफ्टमुळे त्यांचं तोंड रविवारीच बघायचो. आमच्या बिल्डिंगमध्ये अशी बरीच घरं होती. त्यामुळे वाढलंच असणार असं धरून चालणं पण चूक आहे ना? आकडे कमी आले तर म्हणायचं लपलेत, जास्त आले तर म्हणायचं बघा वाढले, मग काहीच खोटं ठरणार नाही.

आकडेमोड

दादा, तुमचा मुद्दा एकदम बरोबर आहे आणि अभ्यासकांमध्ये पण याच्यावरच वाद आहे. लंडनच्या ग्रेट ऑर्मंड स्ट्रीट हॉस्पिटलने सांगितलं की २३ मार्च ते २३ एप्रिल २०२० मध्ये मारहाणीचा संशय असलेली, डोक्याला इजा झालेली १० लहान बाळं त्यांच्याकडे आली, आधी महिन्याला सरासरी एकसुद्धा नसायचं. पेपरवाल्यांनी १४९३ टक्के वाढ म्हणून छापलं. पण एक हॉस्पिटल, एक महिना, दहा बाळं, त्यावरून जगाचं ठरवता येत नाही. उलट अमेरिकेतल्या बालरुग्णालयांच्या एकत्र नोंदी बघितल्या तर याच प्रकारच्या इजांची अॅडमिशन्स कोरोनात कमी झाली. आणि ही इजा अशी की बाळ बेशुद्ध पडतं, झटके येतात, घरी लपवून ठेवता येत नाही, त्यामुळे तिथे नुसतं लपलं असं म्हणून भागत नाही. अभ्यास करणाऱ्यांनी त्याची शक्य कारणं दोन सांगितली, घरात एकाऐवजी दोन मोठी माणसं होती त्यामुळे रडणारं बाळ एकट्याच्या अंगावर पडलं नाही, आणि सरकारने घराघरात थेट पैसे दिले.

म्हणून मला वाटतं सगळीकडे वाढलं किंवा सगळीकडे कमी झालं असं एक उत्तर नाहीये. ज्या घरात आधी ठीक होतं आणि खायची भ्रांत नव्हती तिथे पोरांना आईबाप मिळाले, तुमच्यासारखे. ज्या घरात आधीच मारझोड होती आणि वर रोजगार गेला तिथल्या पोराची सुटकेची वेळ, म्हणजे शाळेचे ते पाच-सहा तास, तीच गेली. सरासरी काढली की ही दोन्ही घरं एकमेकांना झाकतात.

घाटावरचा

मी इगतपुरी तालुक्यातला. इथे सगळे मारहाणीचंच बोलताय, पण आमच्याकडे कोरोनाने केलं ते दुसरंच. शाळा बंद, आश्रमशाळा बंद, निवासी मुलं पाड्यावर परत आली आणि घरात खायला तोंडं वाढली. पोरगी चौदा-पंधराची झाली की लग्न उरकून टाका, पाहुणे पन्नासच बोलवायची परवानगी म्हणजे खर्च पण नाही. देशात बालविवाहाचे गुन्हे २०१९ ला ५२३ होते, २०२० ला ७८५ आणि २०२१ ला १,०५०, आणि हे फक्त गुन्हा नोंदला गेलेले. पाड्यावरच्या लग्नाला पोलीस कोण बोलावतं? ज्या वर्षी एकूण आकडा खाली गेला त्याच वर्षी हा वर गेलाय हे लक्षात घ्या.

आणि २०२२ मध्ये आमच्याच तालुक्यातल्या कातकरी मुलांचं प्रकरण सगळ्या पेपरात आलं होतं, थोड्या पैशांवर आणि एखाद्या मेंढीवर पोरं नगरकडच्या मेंढपाळांकडे राबायला दिलेली. एक लहान मुलगी त्यात दगावली, तेव्हा कुठे जाग आली. सगळ्याचं खापर मी कोरोनावर फोडत नाही, वेठबिगारी आमच्याकडे जुनीच आहे, ती बंद करणारा कायदा १९७६ चा आहे. पण शाळेच्या हजेरीत नाव असतं आणि पोर समोर नसतं तेव्हा गुरुजी पाड्यावर चौकशीला येतात. दोन वर्षं हजेरीच नव्हती, कोण कुठे गेलं कोणी विचारलं नाही. त्या आईबापांना नुसत्या शिव्या घालणारे पण खूप होते तेव्हा, मला ते वाचवत नव्हतं. पाच जणांच्या पोटात काही नाही आणि लॉकडाऊनमध्ये वीटभट्टी बंद, ऊसतोड अर्धवट सोडून चालत आलेली माणसं होती ती.

सातपूरची_आई

दादा, अंगावर काटा आला वाचून. सगळ्यांचे मनापासून आभार. अजून एक विचारते. आता असं शेजारी काही दिसलं ऐकलं तर नक्की करायचं काय? १०९८ अजून चालू आहे का? आमच्याकडे बायका घाबरतात की आपलं नाव बाहेर येईल, नाहीतर पोराला उचलून उंटवाडीला बालगृहात टाकतील आणि तळतळाट आपल्याला लागेल.

फळा_खडू

चालू आहे ताई. आधी संस्थेमार्फत चालायचा, २०२३ पासून सरकारच्या महिला बालविकास विभागाकडे गेलाय आणि ११२ या आपत्कालीन नंबरला जोडलाय. चोवीस तास, फुकट. लैंगिक अत्याचार असेल तर कळवणं प्रत्येकावर बंधनकारकच आहे, पोक्सोचं कलम १९, आणि चांगल्या हेतूने कळवणाऱ्यावर कारवाई होत नाही. मारहाण, उपाशी ठेवणं यासाठी बालन्याय कायद्याचं कलम ७५ आहे.

बालगृहाचं म्हणाल तर मूल बाल कल्याण समितीपुढे जातं आणि संस्थेत ठेवणं हा कायद्यात शेवटचा उपाय आहे, आधी घर सावरता येतं का ते बघायचं असतं. आणि घाटावरच्या दादांनी म्हटलं ते मला फार महत्त्वाचं वाटतं, गरिबीने होणारी आबाळ आणि मुद्दाम केलेले हाल यात फरक करावाच लागतो. कायद्यात पण परिस्थितीपुढे हात टेकून आईबापांनी मूल सोडलं तर ते मुद्दाम केलं असं धरत नाहीत. तुमच्या चाळीत कोरोनात नवरा गेलेल्या बायका असतील तर त्यांना बाल संगोपन योजना सांगा, महिना २,२५० रुपये मुलामागे आहेत, माझ्या वर्गातल्या दोघांचे फॉर्म मी स्वतः भरून दिलेत. कागद जमवताना दमछाक होते, उत्पन्नाचा दाखला, मृत्यूचा दाखला, बँक पासबुक, पण चिकाटी ठेवली की होतं.

कार्यक्रमाला जिल्हा बाल संरक्षण कक्षातून माणूस बोलवा, मुख्याध्यापकांच्या सहीचं पत्र द्या, येतात. आणि फक्त आयांना बोलावू नका.

अंबड_लिंकरोड

ताई, कंपनीच्या सुट्टीच्या दिवशी ठेवा आणि संध्याकाळी ठेवा, बापलोक येतील. आमच्या बिल्डिंगमधले चार-पाच जण मी घेऊन येतो. तारीख ठरली की इथेच टाका.