जड पाणी : बोअरचं की धूमकेतूचं?

(अनुवादाच्या गप्पा; बोलणाऱ्यांची नावं टोपणनावं.)

तळटीप: खडकाळ ग्रहांना घडतानाच पाणी कसं मिळतं, यावरचा लेख मराठीत आणतेय. सगळी मदार ड्यूटेरियमवर, म्हणजे हायड्रोजनच्या जड भावावर; त्याच्या प्रमाणावरून पृथ्वीचं पाणी कुठून आलं ते ताडतात. समुद्राच्या पाण्यात हायड्रोजनच्या दहा लाख अणूंमागे साधारण १५६ अणू ड्यूटेरियमचे. ६७पी धूमकेतूवर रोझेटा यानाने २०१४ मध्ये मोजलं, तर तिपटीहून जास्त. मी लिहिलं, ‘धूमकेतूचं पाणी समुद्राहून जड.’ आईने वाचून विचारलं, ‘बोअरसारखं? डाळ न शिजणारं?’ काय करू?

मराठवाडी: आईंचं बरोबर आहे. जड पाणी म्हणजे साबणाला फेस न येणारं, हंड्याच्या बुडाला पांढरा थर धरणारं. तुम्ही ‘गुरुजल’ लिहा.

अलिबागकर: गुरुजल? लोक मठातलं तीर्थ समजतील. आमच्या थळला जड पाण्याचा प्रकल्पच आहे, शब्द रुळलाय. बोअरच्या पाण्याला पाठ्यपुस्तकात ‘दुष्फेन’ आहे की.

मराठवाडी: तो परीक्षेपुरता. ‘आज टँकरचं पाणी दुष्फेन आलंय’ असं कोण म्हणतं?

पाठभेद: संस्कृत कवी ड आणि ल यांत अभेद मानून जड-जल असा श्लेष करत. म्हणजे जड पाणी = पाणी पाणी! मुळात जलचाच जड झाला असावा.

तळटीप: काका, श्लेष जमला म्हणून व्युत्पत्ती होत नाही.

चकती: मुळात धूमकेतूचं पाणी ‘जड पाणी’ नव्हेच. थळच्या पाण्यात हायड्रोजनच्या जागी जवळपास निखळ ड्यूटेरियम. धूमकेतूचं साधंच, फक्त ड्यूटेरियम जास्त. तेवढंच लिहा. आणि पाणी ‘बाहेरून आलं’ असं ठोकून देऊ नका. ग्रह ज्यातून घडले त्या सूर्याभोवतीच्या धुळीच्या तबकडीत, पृथ्वीच्या जागी बर्फ टिकत नव्हता, म्हणून हिमरेषेपलीकडच्या, म्हणजे जिथून पुढे बर्फ टिकतो तिथल्या, लघुग्रहांकडे बोट दाखवतात. त्यांचे तुकडे मानल्या जाणाऱ्या कार्बनयुक्त उल्कापाषाणांतलं ड्यूटेरियमचं प्रमाण समुद्राशी बऱ्यापैकी जुळतंही. पण २०२० मध्ये एन्स्टॅटाइट उल्कापाषाणांत, म्हणजे पृथ्वी ज्यातून घडली त्याच्याशी मिळत्याजुळत्या दगडांत, समुद्रांच्या किमान तिप्पट पाणी होईल इतका हायड्रोजन असल्याचं दिसलं. म्हणजे घराच्या विटाच ओल्या होत्या!

मराठवाडी: हिमरेषा हिमालयात. तबकडीत ‘बर्फसीमा’ म्हणा.

चकती: सीमा म्हटलं की खांब रोवल्यासारखं वाटतं. तबकडी निवत गेली तशी ती सूर्याकडे सरकली.

मराठवाडी: रेषा तरी कुठे सरकते?

अलिबागकर: भरतीची सरकते. या किनाऱ्यावर, दाखवतो.

पाठभेद: ‘निवणे’ छान वापरलंत. निर्वाणाशी नातं असणार त्याचं.