आत्याच्या जुन्या पासबुकावरचा आयएफएससी कोड चालत नाही, काय करू?

रानजाई
माझी आत्या चिपळूणजवळ गावात एकटी राहते. पुढच्या आठवड्यात तिच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन आहे, १८,००० रुपये पाठवायचेत. तिचा फोन साधा, यूपीआय नाही. शेजारच्या मुलाने तिच्या पासबुकाच्या पहिल्या पानाचा फोटो पाठवलाय, पण पासबुक २०१६ चं, आणि ती बँक नंतर दुसऱ्या बँकेत विलीन झाली. पैसे पाठवण्यासाठी तिचं नाव नोंदवताना माझ्या बँकेचं ॲप तो आयएफएससी कोड (शाखेची ओळख सांगणारा) घेतच नाही. नेटवर शोधलं तर दोन ठिकाणी दोन वेगळे कोड! त्यातला एक टाकला आणि पैसे भलत्याच खात्यात गेले तर? भीतीने काल रात्री नुसती फोन घेऊन बसले होते.

निवृत्त_रोखपाल
ताई, घाबरू नका. मी ३१ वर्षं बँकेत काढली, विलीनीकरणानंतर काउंटरवर रोज हाच प्रश्न यायचा. देना आणि विजया बँक १ एप्रिल २०१९ ला बँक ऑफ बडोदात गेल्या, आणि त्यांचे जुने कोड १ मार्च २०२१ पासून बंद झाले. तुमच्या आत्यांचंही तसंच झालेलं दिसतंय.

कोड अकरा अक्षरांचा. पहिली चार बँकेची, पाचवं शून्य (इंग्रजी 'ओ' नव्हे, इथे फार जण चुकतात), शेवटची सहा शाखेची. पण नव्या बँकेची चार अक्षरं जुन्या कोडाला जोडून स्वतः कोड बनवू नका. शाखेचा भागही बदलतो. कोड रिझर्व्ह बँकेच्या किंवा त्या बँकेच्याच संकेतस्थळावरून घ्या. इतर याद्या वर्षानुवर्षं शिळ्या पडून असतात.

खरी काळजी खाते क्रमांकाची घ्या. एनईएफटीत (एका बँकेतून दुसऱ्या बँकेत ऑनलाइन पैसे पाठवण्याच्या पद्धतीत) पैसे त्या क्रमांकावरच जमा होतात, तुम्ही लिहिलेलं नाव जुळवून पाहिलं जात नाही. विलीनीकरणात क्रमांकही बदललेला असू शकतो. आत्यांना शाखेत नवं पासबुक मागायला सांगा. आणि आता पैसे पाठवण्याआधी खातेदाराचं नाव दाखवायची सोय आहे, ती वापराच.

कोकणी_माणूस
आणि चेकच्या तळाशी छापलेला नऊ आकडी नंबर टाकू नका, तो एमआयसीआर, म्हणजे चेक वटवण्यासाठीचा कोड. माझ्या भावाने अर्धा दिवस तोच टाकून पाहिला होता.

रानजाई
काका, खूप आभार. आत्या परवा शेजारच्या मुलाला घेऊन शाखेत गेली, नवं पासबुक मिळालं. कोड बदललाय आणि खाते क्रमांकही! ॲपमध्ये टाकल्यावर तिचं सासरचं पूर्ण नाव आलं, तेव्हा जीव भांड्यात पडला. तरी आधी दहाच रुपये पाठवले. तासाभरात आत्याचा फोन, "अगं, मेसेज आलाय, पोराने वाचून दाखवला." लगेच उरलेले १७,९९० पाठवले.

निवृत्त_रोखपाल
छान केलंत. त्यांच्या पेन्शनसाठी किंवा गॅसच्या सबसिडीसाठी जुना खाते क्रमांक कुठे दिलेला असेल, तर तोही बदलून घ्या.