टाच दुखतेय, दुकानवाला म्हणतो १४ हजाराचा बूट घ्या. घेऊ का?

मेहरूणचा_मास्तर (जळगाव)

राम राम मंडळी. जरा लांबण लागेल, कंटाळा आला तर शेवटच्या चार ओळी वाचा.

वय ४३, वजन ८१, शाळेत शिकवतो म्हणजे दिवसभर उभं राहणं आलंच. मागच्या दिवाळीनंतर शुगर बॉर्डरला आली म्हणून मेहरूण तलावाला सकाळी चालायला लागलो, तिथे दोघंतिघं धावायचे त्यांचं बघून मीपण धावायला लागलो आणि खरं सांगू का, नादच लागला. आधी ३ किमी, मग ५. मग ग्रुपमधली पोरं मागे लागली की सर हिवाळ्यात १० किमीला नाव टाका, तर जोशात येऊन महिनाभरात आठवड्याचं १२ वरून ३० किमीवर नेलं.

आता तीन आठवडे झाले, सकाळी पलंगावरून उतरून पहिलं पाऊल टाकलं की उजव्या टाचेत खिळा ठोकल्यासारखं होतं. दहा-पंधरा पावलं लंगडत गेलो की बरं वाटतं. शाळा सुटेपर्यंत परत ठणकायला लागते.

बूट बदलावा म्हणून एका मोठ्या दुकानात गेलो. त्यांनी मशीनवर उभं केलं, स्क्रीनवर लाल-पिवळा पाय दाखवला आणि म्हणाले तुमचा फ्लॅट फूट आहे, ओव्हरप्रोनेशन आहे (म्हणजे पाय जास्तच आत झुकतो), साधा बूट घातला तर गुडघे जातील, हा स्टॅबिलिटीवाला, म्हणजे पाय आत झुकू न देणारा घ्या, १४ हजार. मी विचार करून सांगतो म्हणून निघून आलो. आत्ताचा बूट ऑनलाइन सेलमधला, ९ नंबर, चार महिने झाले. धावताना अंगठ्याचं नखपण काळं पडलंय, पण ते सगळ्यांचंच पडतं म्हणे.

तर प्रश्न असा की फ्लॅट फूटला वेगळा बूट लागतोच का? आणि १४ हजार घालून टाच बरी होईल का? इथे कोणी पायाचे डॉक्टर असतील तर प्लीज सांगा.

भरतीवाला_चोपडा

सर राग नका मानू पण १४ हजार??? पैसा काय झाडले लागतस का भो. आम्ही पोलीस भरतीवाली पोरं १६०० मीटर आणि १०० मीटर दोन्हीची प्रॅक्टिस ९०० रुपयाच्या बुटात करतो, सकाळी साडेचारला रोडवर. बूट नही धावत सर, माणूस धावतो. (नडगी दुखते अधूनमधून, पण ते चालायचंच.)

भुसावळची_ताई

मास्तर, सेम टू सेम मला झालेलं, दोन वर्षांपूर्वी. एक्सरे काढला तर टाचेचं हाड वाढलंय म्हणाले. मी तर घाबरूनच गेले, ऑपरेशन करावं लागतं की काय. नंतर मऊ स्लिपर घरात घालायला लागले, सिलिकॉनचं टाचेखाली ठेवायचं ते मिळतं ना मेडिकलवर ते घातलं, सात-आठ महिन्यात गेलं आपोआप. हाड कुठे गेलं देव जाणे. तुम्ही आधी एक्सरे काढून घ्या.

अनवाणी_आप्पा (यावल)

बूट कंपन्यांनी लोकांना येड्यात काढायचं चालवलंय दुसरं काही नाही. आमचे आजोबा केळीच्या बागेत जन्मभर अनवाणी फिरले, कधी टाच धरून बसलेले पाहिले नाहीत. इथिओपियाचा अबेबे बिकिला १९६० ला रोममध्ये अनवाणी मॅरेथॉन पळाला आणि गोल्ड घेऊन गेला. मास्तर बूट फेका आणि गवतावर अनवाणी पळा, महिन्यात टाच बरी.

धुळ्याचा_हाडवैद्य

नाव गमतीचं आहे, मी एमएस ऑर्थो आहे. धुळ्यात प्रॅक्टिस, आणि ओपीडीत पाय-घोट्याचे पेशंट इतके की घरचे मला चांभारच म्हणतात. इथे पाय न तपासता लिहितोय हे लक्षात ठेवून वाचा.

सर, तुम्ही लिहिलंय ते, म्हणजे सकाळचं पहिलं पाऊल, मग बरं वाटणं, संध्याकाळी परत, हे बहुतेक करून प्लांटर फॅसिआयटिस. टाचेच्या हाडापासून बोटांपर्यंत तळव्याखाली एक जाड पट्टा असतो, तो रात्रभर आखडून राहतो आणि सकाळी एकदम ताणला जातो. आणि हे कशाने झालं ते तुम्हीच लिहून ठेवलंय, फक्त बुटाच्या नादात तिकडे लक्ष गेलं नाही: महिन्यात १२ चे ३० किमी. धावताना दर पावलाला अंगाच्या दोन ते तीन पट भार जमिनीकडून पायावर येतो. मिनिटाला १७० पावलं धरली तर ६५ मिनिटांच्या धावण्यात एकेका पायाची साडेपाच हजार पावलं होतात, आणि तुमचं वजन ८१. पट्ट्याने तक्रार केली नसती तरच नवल.

आता मशीनचं. ते मशीन तळव्याचा दाब मोजतं, त्यात खोटं काही नाही. पण दाबाच्या चित्रावरून बूट ठरवला की दुखापत टळते, हे मात्र तपासून पाहिल्यावर टिकलं नाही. अमेरिकेत लष्कर, हवाई दल आणि मरीन, तिन्हीकडच्या नव्या रंगरुटांवर प्रयोग झाले. एका गटाला तळव्याची कमान बघून बूट दिले, दुसऱ्या गटाला कमान न बघता सगळ्यांना एकाच प्रकारचे. दुखापतींत म्हणण्यासारखा फरक निघाला नाही. पाय आत झुकणं म्हणजे प्रोनेशन, तो आजार नाही, धक्का पचवायची पायाची रीत आहे ती. कॅल्गरी विद्यापीठाचे बेन्नो निग, ज्यांनी स्वतःच अनेक वर्षं या विषयात घातली, त्यांनी २०१५ मध्ये हेच मांडलं की धावणाऱ्याला जो बूट पायात आरामाचा वाटतो तोच निवडावा. मी पेशंटला हे सांगितलं की त्यांचा चेहरा पडतो, एवढी फी देऊन डॉक्टर म्हणतो आरामाचा वाटेल तो घ्या!

पण आराम दुकानात नीट तपासावा लागतो, आणि इथेच लोक चुकतात. संध्याकाळी जा, दिवसभरात पाय थोडा सुजलेला असतो. धावायचे मोजे घालून जा. दोन्ही पाय मोजा, बहुतेकांचा एक पाय मोठा असतो, नंबर मोठ्या पायाचा घ्यायचा. उभं राहून सगळ्यात लांब बोटापुढे (काहींचं अंगठ्याशेजारचं बोट लांब असतं, हे विसरू नका) अंगठ्याच्या रुंदीइतकी जागा हवी. मग बुटातलं आतलं सोल बाहेर काढून जमिनीवर ठेवा आणि त्यावर उभे राहा. चवडा कडेबाहेर सांडत असेल तर तो बूट तुमचा नाही, मग तो कितीचाही असो. माझ्याकडे येणाऱ्यांत चवडा रुंद आणि टाच बारीक असे पाय भरपूर, जन्म चपलेत गेलेला असतो ना, त्यामुळे वाइड किंवा २ई (म्हणजे रुंद) असं लिहिलेला मागून बघा. टाच मागून उचलत असेल तर सगळ्यात वरच्या भोकातून नाडी लूप करून बांधा, दुकानातली पोरं दाखवतील. बूट हातात धरून वाकवा, तो चवड्यापाशी वाकायला हवा, मधोमध पोळीसारखा दुमडला तर ठेवून द्या. आणि दुकानाच्या बाहेर दोन मिनिटं धावून बघू देत नसतील तर दुकान बदला.

काळं नख सगळ्यांचं पडत नाही सर. ९ नंबर तुम्हाला लहान होतोय.

टाच आणि पुढचा भाग यांच्या उंचीतला फरक, ज्याला ड्रॉप म्हणतात, तो तुम्ही सध्या ८ ते १० मिमीचा घ्या. कमी ड्रॉपमध्ये पोटरी आणि टाचेमागच्या शिरेवर ताण जास्त येतो, तुमची पोटरी आधीच आखडलेली असणार. कार्बन प्लेटवाल्या, म्हणजे तळव्यात कडक पट्टी घातलेल्या शर्यतीच्या बुटांच्या नादी लागू नका. ते जाड तळव्यांचे बूट इतके वाढत गेले की रस्त्यावरच्या शर्यतींना वर्ल्ड अ‍ॅथलेटिक्सला ४० मिमीची मर्यादा घालावी लागली, पण ते रेकॉर्डवाल्यांसाठी, तुमच्या-माझ्यासाठी नाही. चार-पाच हजारात चांगला बूट मिळतो. आपल्याकडे अजून एक भानगड म्हणजे बाभळीचा काटा. पाटाच्या कडेने किंवा लळिंगच्या बाजूला पळणार असाल तर फार मऊ फोममधून तो सरळ आत येतो, खाली कडक रबर असलेला घ्या.

आता जे तुम्ही विचारलंच नाही ते. शाळेत पायात काय असतं? आठवड्यात तुम्ही धावता चार-साडेचार तास, आणि फरशीवर उभे राहता तीसएक तास. माझ्याकडे येणारे निम्मे लोक धावण्याचा बूट बारा दुकानं फिरून घेतात आणि दिवसभर अडीचशे रुपयाच्या सपाट चपलेत राहतात, वर घरात शहाबादी फरशीवर अनवाणी. तुम्ही तो नवा बूट घ्याल तेव्हा सहा आठवडे तो शाळेतही घाला. हेडमास्तर रागावले तर माझं नाव सांगा. पलंगापाशी जाड स्लिपर ठेवा, पहिलं पाऊल त्यातच.

धावणं बंद नका करू, दुखत नाही इतक्यावर आणा. पोटरी ताणायची रोज. आणि एक दिवसाआड हा व्यायाम: पायरीच्या कडेवर चवडा, बोटांखाली गुंडाळलेला टॉवेल, एका पायावर तीन सेकंदात वर, दोन सेकंद थांबा, तीन सेकंदात खाली. कंटाळवाणा आहे, पण बुटापेक्षा हाच जास्त कामाचा आहे.

ताई, हाड कुठे गेलं नाही, ते तिथेच असेल. एक्सरेत असं हाड दिसणारे आणि काहीच न दुखणारे लोक भरपूर असतात. आधी एक्सरेची घाई नको.

आप्पा, तुमचा मुद्दा अगदीच हवेत नाही. मणिपालच्या डॉक्टरांनी २३०० मुलांचे पाय तपासून १९९२ मध्ये छापलं होतं, बूट-चप्पल घालणाऱ्यांत सपाट तळवे ८.६ टक्के, अनवाणी वाढलेल्यांत २.८ टक्के. पण आजोबा लहानपणापासून अनवाणी आणि मऊ मातीत होते, मास्तर ४३ व्या वर्षी डांबरावर उतरतायत. आणि बिकिलाचं अर्धंच सांगितलंत, १९६४ ला टोकियोत तो बूट घालून पळाला, तेव्हाही गोल्ड, आणि वेळ रोमपेक्षा तीन मिनिटांनी कमी. शिवाय मास्तरांची शुगर बॉर्डरला आहे. ज्यांची शुगर जुनी आहे त्यांचं तळव्याचं भान कमी होतं, काटा रुतलेला कळत नाही, त्यांनी तर अनवाणी घरातही फिरू नये आणि बूट घालण्याआधी आत हात फिरवून बघावा. सर, तुम्ही वर्षातून एकदा पायाची संवेदना तपासून घ्या, दोन मिनिटांचं काम आहे.

अनवाणी_आप्पा (यावल)

टोकियोचं माहीत नव्हतं. पण गवतावर थोडं चालायला तरी हरकत नसावी डॉक्टर?

धुळ्याचा_हाडवैद्य

दुखणं गेल्यावर, दहा मिनिटांपासून, खुशाल. मे महिन्यात नको, ४५ डिग्रीत तळवे भाजतील.

भरतीवाला_चोपडा

डॉक्टर साहेब माझं पण सांगा ना. नडगीच्या आतल्या बाजूला दुखतं, बोटाने दाबलं की एका जागी लईच दुखतं. बूट दीड वर्ष जुना, रोजचे ६-७ किमी. मैदानी चाचणी जवळ आलीये, थांबलो तर मार्क जातील.

धुळ्याचा_हाडवैद्य

भाऊ, रोजचे ६ किमी धरले तर दीड वर्षात ३००० किमीच्या वर गेला तो बूट. साधारण ५०० ते ८०० किमीला आतला फोम दबून जातो, वरून चकाचक दिसला तरी. बूट बदल, पण ते नंतर. एका बोटाने दाखवता येईल अशी एकच जागा दुखते म्हणजे हाडाला बारीक तडा असू शकतो. आजपासून धावणं बंद आणि याच आठवड्यात हाडाच्या डॉक्टरला दाखव, सिव्हिलमध्ये दाखवलंस तरी चालेल. आत्ता थांबलास तर काही आठवडे जातील. तसाच पळत राहिलास आणि हाड मोडलं तर ही भरती गेलीच समज.

भरतीवाला_चोपडा

जातो साहेब उद्याच. आई पण हेच म्हनी राह्यनी व्हती.

मेहरूणचा_मास्तर (जळगाव)

सात आठवड्यांनी अपडेट देतोय, उशीर झाला, परीक्षा होत्या.

१४ हजाराचा नाही घेतला. संध्याकाळी गेलो, मोजे घेऊन. उजवा पाय डाव्यापेक्षा मोठा निघाला, १० नंबर वाइड बसला, साडेचार हजार. जुन्या ९ नंबरचं सोल काढून त्यावर उभा राहिलो तर दोन्हीकडून चवडा बाहेर, आणि मी चार महिने त्यात पाय कोंबत होतो. शाळेत तोच नवा घालून जातोय, हेडमास्तर काही बोलले नाहीत, उलट कुठून घेतला विचारलं. टॉवेलवाला व्यायाम खरंच कंटाळवाणा आहे, मी तो भाकरी होईपर्यंत स्वयंपाकघराच्या पायरीवर उरकतो. सकाळचा खिळा गेला नाही पण टाचणी झालाय म्हणा ना. आठवड्याला १५ किमीवर आहे, १० किमीचं नाव यंदा मागे घेतलं, पोरं चिडवतात.

जुना बूट पुतण्याला बरोब्बर झाला. फक्त बायको म्हणते, दुकानात जमिनीवर सोल मांडून त्यावर उभं राहणाऱ्या माणसासोबत मी परत यायची नाही.