वाडीतलं गोदाम विकतोय, कर कसा लागेल?

गोदामवाला:
धंद्याचं वाडीतलं गोदाम ७० लाखांत विकायचं ठरलं आहे. मालकी आणि धंदा, दोन्ही माझ्याच नावे. मे २०१२ मध्ये २० लाखांना घेतलं होतं, जमीन १२ आणि बांधकाम ८. बांधकामावर दरवर्षी १० टक्के घसारा (झिजेपोटी किमतीतून मिळणारी वजावट) घेतला आहे. पुस्तकात दुसरी इमारत नाही. रजिस्ट्री नोव्हेंबर २०२५ मध्ये आहे. तेरा वर्षं झाली, म्हणजे सगळा नफा दीर्घ मुदतीचा धरायचा ना?

हिशेबनीस:
नाही भाऊ, फक्त जमिनीचा. बांधकामावर घसारा घेतला की आयकर कायद्याचं कलम ५० लागतं. मग कितीही वर्षं होवोत, तो नफा अल्प मुदतीचाच आणि कर तुमच्या स्लॅबने.

८ लाखांचं बांधकाम १३ वर्षं घसरत आज पुस्तकात सुमारे २.०३ लाखांवर असेल. ७० पैकी जमिनीचे ५८ आणि बांधकामाचे १२ धरले, तर बांधकामाचा नफा ९.९७ लाख, जमिनीचा ४६. जमिनीवर सरळ १२.५ टक्के म्हणजे ५.७५ लाख. खरेदी २३ जुलै २०२४ च्या आधीची असल्याने निर्देशांकासह (महागाईनुसार खरेदी किंमत वाढवून) २० टक्क्यांचा हिशेबही करून पाहता येतो: १२ लाख × ३७६ ÷ २०० = २२.५६, नफा ३५.४४, कर ७.०९ लाख. तुम्हाला १२.५ च परवडतं. सेस ४ टक्के वेगळा, उत्पन्न ५० लाखांपुढे गेलं तर अधिभारही.

ही ५८-१२ ची वाटणी मात्र मनाने करू नका. जमिनीकडे जास्त रक्कम दाखवली की कर घटतो, त्यामुळे छाननीत हाच आकडा आधी विचारतात. नोंदणीकृत मूल्यांककाचा रिपोर्ट घ्या आणि विक्रीखतात दोन्ही रकमा वेगळ्या लिहा.

दस्तलेखक:
७० वरच हिशेब होईल असं धरू नका. रेडी रेकनरने (सरकारी दराने) ७७ लाखांपर्यंत मूल्य निघालं तर विक्रीखतातली किंमत चालते. ७८ निघालं की नफा ७८ वर मोजतात, कलम ५०सी. रजिस्ट्रीऐवजी आधीच्या कराराच्या तारखेचा दर हवा असेल तर त्या दिवशी किंवा आधी काही रक्कम चेकने नाहीतर बँकेतून यायलाच हवी. इसार रोखीत घेतला तर ही सवलत जाते, आणि २० हजार किंवा वर रोख असेल तर तेवढाच दंड होऊ शकतो.

खरेदीदार १ टक्का टीडीएस (तुमच्या नावे आधीच कापलेला कर) कापून २६क्यूबी फॉर्म भरेल. तुमचा पॅन एका अक्षराने चुकला तरी ती रक्कम तुमच्या खात्यात दिसणार नाही. कर कापल्याचं प्रमाणपत्र, १६बी, मागून घ्याच.

गोदामवाला:
कर वाचवायला घर घ्यायची इच्छा नाही. दुसरा रस्ता?

हिशेबनीस:
कलम ५४ईसीचे बॉण्ड, त्यात गुंतवलेल्या नफ्यावर कर लागत नाही: आरईसी, पीएफसी, आयआरएफसी या सरकारी कंपन्यांचे. रजिस्ट्रीपासून सहा महिन्यांत, जास्तीत जास्त ५० लाख. दोन आर्थिक वर्षांत विभागले तरी मर्यादा तीच. पैसे पाच वर्षं अडकतात आणि व्याजावर कर लागतो.

मुंबई उच्च न्यायालयाच्या एस बिल्डर्स निकालाच्या आधारे बांधकामाच्या नफ्यालाही ही सूट मागता येते. तो नफा स्लॅबने ३० टक्क्यांपर्यंत जातो, म्हणून माझ्या मते ५० पैकी ९.९७ आधी तिथे लावा, उरलेले ४०.०३ जमिनीला. मग ५.९७ लाखांवरच १२.५ टक्के, सुमारे ७५ हजार.

धंद्यासाठी दुसरी इमारत घ्यायचीच असेल तर ३१ मार्च २०२६ च्या आत घ्या. तिच्या बांधकामाची किंमत त्याच ब्लॉकमध्ये (घसाऱ्यासाठी एकत्र धरलेल्या मालमत्तांच्या गटात) मिळते आणि ९.९७ लाखांचा नफा तिथेच जिरतो. एप्रिलमध्ये घेतली तर उपयोग नाही.

बॉण्डने न झाकलेल्या नफ्याचा आगाऊ कर १५ डिसेंबरच्या हप्त्यापासून भरा, नाहीतर व्याज चढतं.