आलिशान पर्यटन गाड्यांचे अनुभव सांगा, आईबाबांना न्यायचंय

घोरपडीची लेक

नमस्कार मंडळी. आमचे बाबा रेल्वेत ड्रायव्हर होते, आता लोको पायलट म्हणतात पण आमच्या घोरपडीच्या क्वार्टर्समधे सगळे ड्रायव्हरच म्हणायचे. बरीचशी नोकरी मालगाडीवर गेली. २००४ साली डेक्कन ओडिसी सुरू झाली तेव्हा बाबांच्या रिटायरमेंटला थोडीच वर्षं राहिली होती आणि एका रात्री त्यांची मालगाडी लूपला, म्हणजे बाजूच्या रुळावर घेऊन ती निळी गाडी मेन लाइनने पुढे काढली. सकाळी ड्यूटीवरून आल्यावर बाबा चहा घेता घेता आईला सांगत होते की टेबलावर पिवळे दिवे होते, पांढरेशुभ्र कपडे अंथरलेले, आणि खिडकीतल्या एका बाईने आमच्या इंजिनाकडे बघून हात केला. हे त्यांनी इतक्या वर्षांत निदान पन्नास वेळा तरी सांगितलं असेल.

आता बाबांना ऐंशी पूर्ण होतायत. दादाने आणि मी मिळून पैसे बाजूला टाकलेत. पण रक्कम मोठी आहे, माणशी लाखांत जाते, आणि दोघांचे गुडघे काही धड नाहीत. आई शाकाहारी, त्यात चतुर्थीचा उपास. बाबांना तर फक्त खिडकीशी बसून रूळ, सिग्नल, स्टेशनं बघायची असतात. तर ज्यांनी अशा गाड्यांतून प्रवास केलाय त्यांनी मनमोकळं लिहा, कुठलीही गाडी चालेल, छोटा अनुभव असला तरी लिहा.

कर्वेनगरकर

ताई, आम्ही दोघं डेक्कन ओडिसीने जाऊन आलो, कोविडनंतर २०२३ ला ती परत चालू झाली त्यानंतर. आमचा मार्ग मुंबई, नाशिक, वेरूळ, अजिंठा, कोल्हापूर, गोवा, सिंधुदुर्ग आणि परत मुंबई असा होता. सीएसएमटीला नेहमीची लोकलची गर्दी चाललेली आणि त्यातच एका बाजूला लाल गालिचा, गळ्यात हार, कपाळाला टिळा, माझी बायको तर लाजलीच.

सगळ्यात मोठं सुख काय तर बॅग एकदाच उघडायची. कपडे कपाटात लावले ते आठ दिवसांनीच काढले. एरवी आपण टूरवर गेलो की रोज पहाटे उठून बॅगा भरा, हॉटेल सोडा, बसवर चढवा, संध्याकाळी परत उतरवा, यात अर्धा जीव जातो, साठीनंतर तर फारच. इथे तुम्ही झोपता आणि सकाळी गाव बदललेलं असतं. केबिनलाच लागून बाथरूम, गरम पाणी, आणि आमच्या डब्याचा मुलगा सकाळी दार वाजवून चहा द्यायचा. पहिल्याच दिवशी बायको त्याला म्हणाली की बाबा रे, आलं ठेचून घाल. दुसऱ्या दिवसापासून तसाच आला, शेवटच्या दिवसापर्यंत न सांगता. जेवणाच्या डब्यांची नावं पेशवा आहेत, तिथे शाकाहारी जेवण उत्तम मिळालं. उपासाचं बुकिंग करतानाच लिहून द्या, साबुदाणा, वरी काय लागतं ते नावानिशी.

पण एक आधीच सांगतो कारण तुमच्या बाबांसाठी तेच महत्त्वाचं आहे. या गाड्या बहुतेक रात्री धावतात. दिवसा तुम्ही बसने वेरूळला नाहीतर कोल्हापूरला आणि गाडी स्टेशनात उभी. म्हणजे ज्याला धावत्या गाडीत खिडकीशी बसायचंय त्याच्या वाट्याला उजेडातला प्रवास कमीच येतो. आम्हाला कोकणातला थोडा पट्टा उजेडात मिळाला, बोगद्यातून बाहेर आलं की एकदम हिरवं, परत काळोख, परत हिरवं, त्या वेळात मी जागचा हललो नाही.

जर्मनवाली

मी प्रवासी म्हणून गेले नाहीये पण काही वर्षं वेरूळला परदेशी पाहुण्यांना जर्मनमधून लेणी दाखवायचं काम केलंय, त्यात या गाडीने आलेले लोक असायचे. माझं मत स्पष्ट आहे, वेळ कमी पडतो. १६ नंबरचं कैलास लेणं, आठव्या शतकातलं, राष्ट्रकूटांचं, वरून खाली कोरत आणलेलं. ते नीट बघायचं तर आधी बाजूच्या टेकडीवर चढून कळसाच्या पातळीवरून बघावं लागतं, तेव्हा कळतं की हे बांधलेलं नाही, डोंगरातून नको तेवढा दगड काढून टाकलाय. एवढं दाखवेपर्यंत ग्रुपचं घड्याळ सुरू झालेलं असायचं. एक आजोबा होते, ते म्हणाले मी बाकी काही बघत नाही, मला इथेच बसू दे, आणि खरंच नंदीमंडपाच्या सावलीत बसून राहिले. मला ते फार आवडलं. तुमच्या आईबाबांनाही सांगा, सगळं बघायची सक्ती नसते, एका ठिकाणी बसलात तरी चालतं.

आणि वार बघून घ्या हं, वेरूळ मंगळवारी बंद असतं, अजिंठा सोमवारी. गाडीवाले त्या हिशोबानेच आखतात पण स्वतःला माहीत असलेलं बरं.

सदाशिव पेठेतली मावशी

मी आणि माझी धाकटी बहीण दोघीच गोल्डन चॅरियटने गेलो होतो. आमचे दोघींचेही यजमान आता नाहीत. मुलं म्हणाली तुम्ही दोघी कुठे एकट्या फिरणार, म्हणून ही गाडी निवडली कारण रात्री-अपरात्री रिक्षा शोधायला नको, हॉटेलची काळजी नको, दाराशी कोणीतरी असतं. बायकांसाठी ही फार मोठी गोष्ट आहे, यावर कोणी लिहीत नाही म्हणून मुद्दाम लिहिते.

गाडी कर्नाटकची आहे, बेंगळुरूच्या यशवंतपूरहून सुटते. नाव पडलंय ते हंपीच्या दगडी रथावरून. तोच रथ पन्नासच्या नोटेवर आहे. बहिणीने पर्समधून नोट काढली आणि रथासमोर धरून उभी राहिली, मी फोटो काढला, तो आता तिच्या देवघराशेजारी लावलाय. कारण तो रथ विठ्ठलाच्या देवळात आहे. आपल्याकडे सांगतात ना, विठोबा हंपीला गेला होता आणि नाथांचे पणजोबा भानुदास त्याला पंढरपूरला परत घेऊन आले. गाभाऱ्यात आता मूर्ती नाही. आम्ही दोघी तिथे उभ्या राहिलो आणि हिला रडू आलं, मलाही आलं. सोबतच्या परदेशी बाईंनी काही न विचारता पाण्याची बाटली पुढे केली. बदामी, ऐहोळे, पट्टदकलही झालं पण माझ्या मनात हंपीच आहे.

एवढे दिवस जमत नसेल तर त्यांची तीन रात्रींची छोटी सहल पण असते, चौकशी करा.

बँकवाले काका

पॅलेस ऑन व्हील्सबद्दल थोडं लिहितो. या सगळ्याची सुरुवात तिथूनच आहे, २६ जानेवारी १९८२. तेव्हा ती मीटरगेजवर, म्हणजे कमी रुंदीच्या रुळांवर होती आणि राजेरजवाड्यांचे जुने सलून डबे वापरले होते. पुढे राजस्थानात रूळ ब्रॉडगेज झाले तशी गाडीही बदलली, आता डबे नवे आहेत, संस्थानांची नावं तेवढी राहिली. आपली डेक्कन ओडिसी तिच्याच धर्तीवर काढली.

मी हिला घेऊन गेलो होतो. दिल्लीहून जयपूर, सवाई माधोपूर, चित्तोड, उदयपूर, जैसलमेर, जोधपूर, भरतपूर, आग्रा. डब्याच्या सेवकाला तिथे खिदमतगार म्हणतात. आमचा खिदमतगार बिकानेरकडचा होता, साधारण पन्नाशीचा. तिसऱ्या दिवशी हिला ताप भरला. त्याने न सांगता मूगडाळीची पातळ खिचडी करून आणवली, वर तूप वेगळ्या वाटीत, आणि डॉक्टर पुढच्या स्टेशनवर हजर ठेवला. जैसलमेरच्या वाळूत उंटावर बसायचा कार्यक्रम होता, आम्ही गेलोच नाही. ही झोपली होती, मी डब्यातल्या छोट्या बैठकीत बसलो होतो आणि तो माणूस समोर बसून मला त्याच्या मुलीच्या बारावीचे मार्क सांगत होता. मला विचाराल तर पैसे तिथे वसूल झाले. राजवाडे काय, पुण्याहून ट्रॅव्हल्सने जाऊनही बघता येतात.

पहाटे फार लवकर उठवतात मात्र, रणथंबोरच्या सफारीला काळोखात निघावं लागतं आणि भरतपूरचे पक्षीही सकाळीच बघायचे असतात. आराम म्हणून जाणाऱ्यांनी हे लक्षात घ्या.

सिंहगड रोड

माझा अनुभव इतका चांगला नाही, गाडीचं नाव घेत नाही. आईला घेऊन गेले होते, ती वॉकरवर चालते. बुकिंगच्या वेळी फोनवर विचारलं होतं तर हो हो सगळी सोय आहे म्हणाले आणि प्रत्यक्षात बोळ इतका अरुंद की वॉकर आडवाच होईना, जेवणाचा डबा पाच डबे पलीकडे आणि दोन डब्यांमधली ती हलणारी जागा ओलांडताना आई घाबरून माझा दंड आवळून धरायची. दुसऱ्या दिवसापासून जेवण केबिनमधे आणून दिलं त्यांनी, माणसं चांगली होती, त्यांच्याविषयी तक्रार नाही. पण खोटं का सांगायचं? शिवाय एक दिवस गाडी चार तास लेट झाली आणि त्या दिवसाचं बघणं सरळ कमी केलं.

ताई, एवढं लेखी विचारून घ्या: केबिन जेवणाच्या डब्यापासून किती लांब, पलंग खालीच आहेत ना, बाथरूममधे धरायला दांडा आहे का, प्लॅटफॉर्म नसेल तिथे उतरायला काय देतात, आणि प्रवेशतिकिटं, दारू, मसाज यातलं भाड्यात काय धरलंय. आणि पहिल्या रात्री झोप लागणार नाही हे धरून चाला, मला तर हिसक्याने जाग यायची.

घोरपडीची लेक

सिंहगड रोड ताई, मनापासून आभार, हे मला कोणीच सांगितलं नसतं. तुमचे प्रश्न वहीत उतरवून घेतले. आई आता कशी आहे?

सिंहगड रोड

बरी आहे. गंमत म्हणजे तीच आता म्हणते परत जाऊया, सकाळी पडदा सरकवला की नवीन गाव, ते तिला फार आवडलं होतं.

धनकवडी

आलिशान नाही पण जवळचा अनुभव म्हणून लिहिते. रेल्वेच्या भारत गौरव पर्यटन गाड्यांमधली छत्रपती शिवाजी महाराज सर्किट, जून २०२५ मधे मुंबईहून पहिली निघाली, सासूबाईंना घेऊन आम्ही गेलो. सहा दिवस, रायगड, पुण्यात लाल महाल आणि कसबा गणपती, शिवनेरी, भीमाशंकर, प्रतापगड, कोल्हापूर, पन्हाळा. स्लीपरचं भाडं माणशी १३ हजारांच्या आसपास होतं, एसीला जास्त. सासूबाईंचा जन्म कसब्यातला, पण लाल महालासमोर बसमधून उतरताना सगळ्या डब्याने एकदम जयजयकार केला तेव्हा त्या मला म्हणाल्या, अगं मी रोज इथून भाजी घेऊन जायचे. जेवण साधं, साथीला गप्पा भरपूर. आलिशान गाडीत मिळतो तसा एकांत नाही पण आमच्या डब्यात कोणी परकं राहिलं नाही.

आयटीवाला हिंजवडी

महाराजा एक्सप्रेस मी फक्त आतून बघितलीय, आमच्या कंपनीच्या पाहुण्यांना सोडायला गेलो होतो. नवरत्न नावाचा सूट आहे, एका कुटुंबासाठी अख्खा डबा, आत बाथटब सुद्धा. ताई, तुमच्या बाबांना मात्र मी आधी डेक्कन क्वीनचा विस्टाडोम डबा सुचवेन. मोठ्या काचा, काचेचं छत, खुर्ची फिरवता येते, आणि खंडाळ्याचा घाट पूर्ण उजेडात. २०२१ पासून तो डबा लागतो. त्या गाडीला डायनिंग कारही आहे, १९३० पासूनची गाडी, त्यांना वेगळं सांगायला नको.

कर्वेनगरकर

एक राहिलं. केबिनची खिडकी एकाच बाजूला असते, दुसऱ्या बाजूला बोळ. रात्री आत दिवा असला की काचेत फक्त आपलाच चेहरा दिसतो, दिवा बंद केला की बाहेरची स्टेशनं दिसतात. मी दोन रात्री तसाच काळोखात बसलो होतो.

घोरपडीची लेक

काल रात्री बाबांना सगळं वाचून दाखवलं. विस्टाडोमची पुढच्या महिन्यातली तिकिटं काढली, घाटात मंकी हिलला गाडी का थांबते ते बाबा मला समजावणार आहेत, ब्रेक तपासायला थांबते एवढंच मला माहीत. आणि डेक्कन ओडिसीची चौकशी सुरू केली, वहीतले सगळे प्रश्न लेखी पाठवलेत, उत्तर आलं की इथे टाकते.

मंगळवार-सोमवारचं आईने लगेच कॅलेंडरवर लिहिलं. बाबा बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, ते दिवा बंद करायचं काही आपल्याला जमायचं नाही. मी म्हटलं का हो, तुम्हाला तर बाहेरचं बघायचंय ना. तर म्हणाले, लूपला कोणी उभा असेल तर त्याला आतला माणूस दिसला पाहिजे, नाहीतर मी हात केलेला त्याला कळणार कसा.