थंडीत खुराड्याच्या झडपा बंद ठेवाव्यात का?

प्रश्न:
माझ्या सहा कोंबड्या आहेत. पहाटे पारा शून्याखाली जातोय, म्हणून आठवड्यापूर्वी खुराड्याची एकेक फट गोणपाटानं बुजवली. आज तांबडीच्या तुऱ्याची टोकं काळी पडलेली दिसली. अंडीही रोजच्या पाचांवरून दोनांवर आली. बिचाऱ्या रात्रभर अंग फुगवून बसतात, बघवत नाही. आत उष्णतेचा दिवा लावू का?

उत्तर:
ताई, दिवा नको. भुशात पडला तर खुराडं पेटतं. आणि वरचं गोणपाट आजच काढा. पहिल्या हिवाळ्यात मीही असंच सगळं बुजवलं होतं. सकाळी दार उघडलं की डोळे चुरचुरायचे, काचेवरून पाणी ओघळायचं. श्वासाची आणि शिटेची वाफ आत कोंडते. अशा दमट हवेत तुरा लवकर गोठतो. नुसती कोरडी थंडी त्या पुष्कळ सोसतात. त्यांचं अंग मुळात ४१ अंशांच्या आसपास गरम असतं, आणि फुगवलेली पिसं ही त्यांची गोधडीच. फक्त ती भिजायला नकोत. छपराखालच्या, त्यांच्या डोक्याच्या वरच्या झडपा उघड्या ठेवा. बसतात तिथे मात्र वाऱ्याचा झोत लागू देऊ नका. ओला भुसा रोज काढा. गोल दांडीऐवजी चार बोटं रुंद चपटी फळी लावा, म्हणजे पायाची बोटं पोटाच्या पिसांखाली झाकली जातात.

तांबडीचा तुरा चोळू नका, शेकूही नका. काळा भाग सुकून आपोआप गळतो. सूज आली किंवा पाणी सुटलं, तर पशुवैद्यांना दाखवाच.

आणखी एक उत्तर:
अंड्यांची काळजी करू नका. दिवस लहान झाला की अंडी कमी होतातच, भरपूर अंड्यांसाठी साधारण १४ तास उजेड लागतो. मी तर त्यांना तेवढी विश्रांती घेऊ देते. पाण्याकडे मात्र लक्ष असू द्या. मी दोन भांडी आलटून पालटून ठेवते, एक गोठलं की दुसरं कोमट भरून. रात्री भांडं बाहेर, आत ओल नको. संध्याकाळी मूठभर मका द्या, पोट भरलेलं असलं की रात्र सोपी जाते.

प्रश्नकर्ती:
काल वरच्या दोन झडपा उघडल्या. आज काच कोरडी होती आणि तांबडी सगळ्यांच्या आधी बाहेर आली! फळी उद्या बसवते. दांडी काढली तर बिचकतील का?

पहिलं उत्तर देणारा:
एक-दोन रात्री खाली बसतील. अंधार पडल्यावर हळूच उचलून फळीवर ठेवा, आधी तांबडीला.