शब्दचर्चा: ‘पोर्ट टॅग करा’ म्हणजे नेमकं काय करा?

विचारणा

नव्याने कामाला लागलेल्या मुलांसाठी मी मॅनेज्ड (सेटिंग बदलता येणाऱ्या) स्विचवर व्हीलॅन, म्हणजे एकाच स्विचच्या आत वेगळी ठेवलेली जाळी, कसे करायचे याची मराठीत टिपणं लिहितो आहे. त्यात माझं एक वाक्य होतं: ‘पोर्ट ७ व्हीलॅन २० ला टॅग करा.’ पोर्ट ७ वर साधा टेबलावरचा संगणक होता. मुलाने स्विचचं वेबपान उघडलं, व्हीलॅन २० च्या ओळीत पोर्ट ७ च्या चौकटीत ‘टी’ (टॅग्ड) निवडला आणि सेव्ह केलं. संगणकाला आयपी (नेटवर्कवरचा पत्ता) मिळेना. त्याने केबल बदलली, संगणक बदलला, स्विचही बंद-चालू करून पाहिला. मी जाऊन पाहिलं तेव्हा कळलं की त्याने माझं वाक्य शब्दशः पाळलं होतं. चूक वाक्यातच होती.

टॅग्ड, अनटॅग्ड, ट्रंक, नेटिव्ह या शब्दांना चांगले मराठी शब्द आहेत का? की मराठी शब्दांनी गोंधळ आणखी वाढेल?

उत्तर

वीस वर्षं हेच काम करतोय, म्हणून आधी वाक्याबद्दल बोलतो, शब्दांकडे मग येऊ. रोजच्या मराठीत ‘टॅग करणे’ आलं ते फोटोंमुळे. ‘मला त्या फोटोत टॅग कर’ म्हणजे माझं नाव त्याला जोड. तुम्ही तोच अर्थ मनात धरून ‘पोर्ट व्हीलॅनला जोडा’ असं लिहिलंत. स्विचच्या भाषेत मात्र टॅग ही मोजून दाखवता येईल अशी वस्तू आहे. आयईईई ८०२.१क्यू या मानकात (पहिली आवृत्ती १९९८ ची) ती ४ बाइटची ठरली. इथरनेट फ्रेममध्ये (केबलवरून जाणाऱ्या माहितीच्या पाकिटात) पाठवणाऱ्याचा मॅक पत्ता संपला की लगेच ती घुसवतात. पहिल्या २ बाइटमध्ये ८१०० हा हेक्स आकडा, म्हणजे ‘पुढे टॅग आहे’ ही खूण. उरलेल्या १६ बिटांपैकी ३ अग्रक्रमासाठी, १ वेगळ्या कामासाठी आणि १२ व्हीलॅनच्या क्रमांकासाठी. १२ बिट म्हणजे ४०९६ आकडे. त्यातले ० आणि ४०९५ राखीव, म्हणून १ ते ४०९४ एवढेच आपल्या हाती. याच ४ बाइटमुळे १५१८ बाइटची कमाल फ्रेम १५२२ ची होते.

म्हणजे टॅग लागतो फ्रेमला. पोर्टला तो कधीच लागत नाही, त्यामुळे ‘टॅग्ड पोर्ट’ हे आपण सगळेच बोलत असलो तरी ते तोकडं बोलणं आहे. पूर्ण वाक्य असं: ‘व्हीलॅन २० ची फ्रेम पोर्ट ७ मधून बाहेर पडताना तिच्यावर टॅग असेल.’ समोरच्या संगणकाचं नेटवर्क कार्ड व्हीलॅनसाठी सेट केलेलं नसेल तर अशी फ्रेम त्याच्या काही उपयोगाची नाही. म्हणून आयपी मिळाला नाही.

दुसरं उत्तर

मी तांत्रिक मजकूर मराठीत आणते, तेव्हा शब्दांचं मी बोलते. ‘टॅग’ला ‘खूणचिठ्ठी’ म्हणता येईल, पण पडद्यावर ‘टी’ आणि ‘यू’ (अनटॅग्ड) दिसतात आणि मुलाला तीच अक्षरं निवडायची आहेत. टॅग तसाच ठेवा. ‘अनटॅग्ड’साठी मात्र मराठीकडे तयार उपसर्ग आहे: बिनटॅग. बिनतारी, बिनविरोध, बिनपगारी यांच्या रांगेत तो सहज बसतो आणि ऐकताक्षणी कळतो.

उत्तर

ताई, ‘बिनटॅग’ मला आवडला, आजपासून वापरतो. पण त्याच्याबरोबर एक इशारा हवा. बिनटॅग म्हणजे बिनव्हीलॅन नव्हे. फ्रेमवर टॅग नसला तरी स्विचच्या पोटात ती कुठल्या ना कुठल्या व्हीलॅनमध्ये असतेच. कुठल्या, ते पीव्हीआयडी, म्हणजे प्रत्येक पोर्टला दिलेला व्हीलॅन क्रमांक, ठरवतो. बिनटॅग फ्रेम पोर्टमधून आत आली की त्या पोर्टच्या पीव्हीआयडीचा जो क्रमांक असेल त्या व्हीलॅनमध्ये ती जमा होते.

मुलं अडकतात ती इथेच, म्हणून जरा थांबतो. वेबपानावरून चालवायच्या कित्येक लहान स्विचांत ‘टी/यू’चा तक्ता एका पानावर आणि पीव्हीआयडी दुसऱ्या पानावर असतो. पोर्ट ७ ला व्हीलॅन २० मध्ये ‘यू’ केलं आणि पीव्हीआयडी १ च राहिला, तर काय होतं? व्हीलॅन २० मधलं जे पोर्ट ७ कडे येईल ते बिनटॅग होऊन संगणकापर्यंत नीट पोचतं. संगणकाने पाठवलेलं मात्र व्हीलॅन १ मध्ये जातं. संगणक ‘मला आयपी द्या’ अशी हाक मारतो आणि ती भलत्याच खोलीत ऐकू जाते.

यासाठी मराठीत दोनच शब्द लागतात, आणि ते नवे घडवावे लागत नाहीत: ‘येताना’ आणि ‘जाताना’. पीव्हीआयडी येतानाचा, टी/यू जातानाचा. येणं-जाणं दोन्ही स्विचच्या बाजूने पाहायचं. मी फळ्यावर आधी पोर्टची चौकट काढतो, तिच्यात एक बाण आत आणि एक बाहेर, आणि मग शब्द लिहितो.

विचारणा

दादा, हे ‘येताना-जाताना’ टिपणात घेतो. आता ट्रंक, म्हणजे अनेक व्हीलॅन वाहून नेणारा पोर्ट. मी ‘खोड’ लिहिलं होतं, झाडाचं खोड आणि त्याला फुटलेल्या फांद्या असं चित्र डोळ्यापुढे होतं.

दुसरं उत्तर

चित्र छान आहे, शब्द घातक आहे. मराठीत ‘खोड’ म्हटलं की झाडाआधी वाईट सवय आठवते. ‘पोर्ट २४ ला खोड आहे’ हे वाचून कोणीही तो पोर्ट बिघडला असंच समजेल. ‘बुंधा’ घेतला तर व्हीलॅनच्या संदर्भात कुणालाच काही कळणार नाही. ट्रंक हा शब्द मराठीला परका नाही. ट्रंक कॉल म्हणताना आपण तो दूरध्वनीच्या मुख्य वाहिनीच्या अर्थानेच वापरत होतो, आणि स्विचवरचा अर्थ त्याच्या जवळचाच आहे. लोखंडी ट्रंकेशी घोळ होण्याची भीती मला वाटत नाही. तिला आपण स्त्रीलिंगी धरतो, आणि इथे बहुतेक वेळा ‘ट्रंक पोर्ट’ असा जोडशब्द येतो.

उत्तर

माझी अडचण वेगळी आहे. ट्रंकचे स्विचवरच दोन अर्थ आहेत. सिस्कोच्या स्विचवर ट्रंक म्हणजे एका केबलवरून अनेक व्हीलॅन वाहणारा पोर्ट. एचपीच्या प्रोकर्व्ह घराण्यात ट्रंक म्हणजे दोन-चार केबली एकत्र बांधून केलेली एक जाड जोडणी, जिला इतर ठिकाणी लॅग किंवा पोर्ट-चॅनल म्हणतात. तिथे सिस्कोवाल्या अर्थाच्या ट्रंकला नुसतं ‘टॅग्ड’ म्हणतात. दोन्ही प्रकारचे स्विच एकाच रॅकमध्ये असले आणि टिपणात फक्त ‘ट्रंक करा’ लिहिलं असलं, तर वाचणारा स्विचगणिक वेगळं काम करून बसेल. म्हणून पहिल्यांदा शब्द येईल तिथे अर्थ उलगडून लिहा: ‘अनेक व्हीलॅन वाहणारा पोर्ट’. बांधलेल्या केबलींना लॅगच म्हणा.

आणि नामांपेक्षा माझा जीव विभक्तीत जास्त गुंतलाय. मराठीत हा सगळा विषय प्रत्ययांवर आणि शब्दयोगी अव्ययांवर उभा करता येतो. ॲक्सेस पोर्टबद्दल, म्हणजे एकाच व्हीलॅनच्या पोर्टबद्दल, म्हणा, ‘पोर्ट ७ व्हीलॅन २० मध्ये आहे.’ ट्रंकबद्दल म्हणा, ‘व्हीलॅन २० पोर्ट २४ वरून जातो.’ पहिल्यात पोर्ट राहतो आणि व्हीलॅन घर आहे. दुसऱ्यात व्हीलॅन प्रवास करतो आणि पोर्ट रस्ता आहे. ‘व्हीलॅन २० ला टॅग करा’ मधला ‘ला’ यातलं काहीच सांगत नाही, तुमचं वाक्य तिथेच घसरलं.

एक अनुभव सांगतो, कारण तोही एका अक्षराचा आहे. एका ठिकाणी सिस्कोच्या ट्रंकवरून व्हीलॅन १०, २० आणि ३० जात होते. चौथा, ४०, नव्याने हवा होता. मी सहकाऱ्याला फोनवर म्हणालो, ‘ट्रंकवर चाळीसला परवानगी दे.’ त्याने ‘स्विचपोर्ट ट्रंक अलाऊड व्हीलॅन ४०’ असा हुकूम दिला आणि पुढच्या क्षणी १०, २०, ३० तिन्ही बंद पडले. त्या हुकमाने यादीत भर पडत नाही, आख्खी यादी बदलते. भर घालायची तर मध्ये ‘ॲड’ लिहावं लागतं: ‘अलाऊड व्हीलॅन ॲड ४०’. मी ‘चाळीसला’ म्हणालो, त्या स्विचने ‘चाळीसलाच’ ऐकलं. मला म्हणायचं होतं ‘चाळीसलाही’. तेव्हापासून शिकवताना सांगतो, ‘ॲड’ म्हणजे मराठीतला ‘ही’. हे एकदा ऐकलेला मुलगा तो शब्द विसरलेला मी पाहिलेला नाही.

विचारणा

‘ही’ आणि ‘च’ चौकटीत टाकतो. नेटिव्ह व्हीलॅनला ‘मूळ व्हीलॅन’ म्हणू का?

उत्तर

नको. ‘मूळ’ म्हटलं की कारखान्यातून आलेला व्हीलॅन १ डोळ्यापुढे येतो. तो डिफॉल्ट. नेटिव्ह म्हणजे ट्रंकवरून जो एक व्हीलॅन बिनटॅग जातो तो, आणि तो बदलता येतो. सुरुवातीला दोघांचा क्रमांक एकच, १, असतो, म्हणून सरमिसळ होते. ‘ट्रंकवरचा बिनटॅग व्हीलॅन’ असं लांब पण खरं लिहा. केबलच्या एका टोकाला तो १ आणि दुसऱ्या टोकाला ९९ ठेवला, तर इकडच्या व्हीलॅन १ मधली फ्रेम बिनटॅग निघते आणि तिकडे ९९ मध्ये शिरते. दोन वेगळी ठेवलेली जाळी नकळत एक होतात.

दुसरं उत्तर

व्हीलॅन लिहिताना ‘ल’वरची अर्धचंद्राची खूण सोडू नका, नाहीतर वाचणारा ‘व्हिलन’ वाचतो. लिंगाबद्दल: ‘नवा व्हीलॅन’ आणि ‘नवं व्हीलॅन’ दोन्ही ऐकते. तुम्ही दोघंही पुल्लिंगी वापरता, तेच शेवटपर्यंत पाळा. फ्रेम स्त्रीलिंगीच.

‘आभासी स्थानिक जाळे’ मात्र मी माझ्या मजकुरातून काढून टाकलं. आभास म्हणजे नसलेलं दिसणं. व्हीलॅन १० मधली ब्रॉडकास्ट (सगळ्यांना उद्देशून मारलेली) हाक व्हीलॅन २० मध्ये खरोखरच पोचत नाही, दोघांत बोलणं व्हायचं तर राउटर किंवा राउटरचंही काम करणारा लेयर ३ स्विच मध्ये लागतो. एवढ्या खऱ्या भिंतीला आभासी म्हणवत नाही.

उत्तर

ताई, इथे माझं थोडं वेगळं आहे. स्विच एकच, केबल एकच, आणि तरी जाळी दोन दिसतात, या अर्थाने आभासी मला चालतो. पण टिपणात तो नसला तरी काही अडत नाही.

विचारणा

वाक्य असं बदललं आहे:

‘पोर्ट ७ व्हीलॅन २० मध्ये ठेवा. त्यासाठी जातानाच्या तक्त्यात व्हीलॅन २० च्या ओळीत पोर्ट ७ ला “यू” निवडा. मग दुसऱ्या पानावर जाऊन येतानाचा पीव्हीआयडी २० करा. शेवटी व्हीलॅन १ च्या ओळीत पोर्ट ७ ची चौकट रिकामी करा. पोर्ट २४ वरून आधीचे व्हीलॅन जात आहेत, त्यांना हात न लावता व्हीलॅन २० ही टॅगसह जाऊ द्या.’

त्याच मुलाला हे दिलं आणि मी बाजूला उभा राहिलो. ‘येतानाचा’ हा शब्द आला तेव्हा त्याने पोर्ट ७ वर बोट ठेवून विचारलं, ‘इकडून आत, ना?’ मी हो म्हणालो. या वेळी आयपी मिळाला.